निराकार आणि रंगद्रव्य

अमूर्त चित्रात ओळखीची वस्तू नसते आणि निर्गुण ब्रह्माला आकार नसतो. एवढ्याच साधर्म्यावरून अमूर्त चित्रकला ही निराकाराची उपासना आहे, असे अनेकदा म्हटले जाते. हे म्हणणे फार घाईचे आहे. चित्रात माणूस, झाड किंवा डोंगर नसला तरी त्याला लांबी-रुंदी असते, कडा असतात, वजन असते, तेलाचा वास असतो. ज्याला रंगच नाही त्याच्यापर्यंत रंगाने कसे पोहोचायचे, हा प्रश्न आकृती पुसून सुटत नाही. तो तिथे सुरू होतो. आकृती असते तोवर पाहणाऱ्याचे लक्ष तिच्यावर असते. ती गेल्यावर समोर उरते ते द्रव्य: रंगाचा थर, कापडाची वीण, चिकटवलेला कागद, खरवडलेली जागा. हे जड द्रव्य निराकाराच्या आड येते, की तेच त्याची वाट होऊ शकते? अमूर्त चित्रकारांच्या साधनेकडे धर्मविचाराच्या अंगाने पाहायचे तर याच प्रश्नापासून सुरुवात करावी लागते.

विसाव्या शतकातल्या भारतीय चित्रकलेत हा प्रश्न हाताळणारे कितीतरी चित्रकार एकाच जुन्या प्रांतातले आहेत. शंकर पळशीकर (जन्म १९१६) भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीचे, हरी अंबादास गाडे (१९१७) अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, सय्यद हैदर रझा (१९२२) मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचे, अंबादास खोब्रागडे (१९२२) अकोल्याचे, आणि वासुदेव गायतोंडे (१९२४) यांचा जन्म नागपूरचा. ही सारी गावे त्या काळी मध्य प्रांत व वऱ्हाडात होती आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्या जिल्ह्यातले पांढुर्णा आणि सौसर हे तालुके मराठीच बोलत राहिले. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. वर सांगितलेली गावे नकाशावर मांडली तर पांढुर्णा-सौसर जवळपास त्यांच्या मधोमध येते.

या योगायोगावरून मोठा निष्कर्ष काढू नये. गायतोंड्यांचे घराणे गोव्याचे आणि त्यांची घडण मुंबईत झाली. रझांचे बहुतेक आयुष्य फ्रान्समध्ये गेले. एखाद्या मुलखाच्या मातीतून अमूर्त चित्रे उगवतात, असे कोणी म्हणू नये. परंतु या मुलखातल्या साध्या पूजापद्धती पाहिल्या, तर आकार आणि निराकार यांच्यातला हा पेच चित्रकारांच्या कितीतरी आधी शेतकऱ्यांनी, गुराख्यांनी आणि रानात राहणाऱ्यांनी आपल्या परीने सोडवलेला दिसतो. त्या उत्तराची नोंद कलासमीक्षेत फारशी घेतली गेलेली नाही.

पांढुर्ण्याहून सौसरकडे जाताना, किंवा तिथून वरूड-मोर्शीच्या बाजूला उतरताना, बांधावर, विहिरीशेजारी, वेशीवर शेंदूर फासलेले दगड भेटतात. त्यांना नाक-डोळे नसतात. काहींना चांदीचे किंवा पितळेचे डोळे लावलेले असतात, काहींना तेही नसतात. देवीच्या अशा अघडित दगडाला मराठीत तांदळा म्हणतात. तो कोणा कारागिराने घडवलेला नसतो. शेतात नांगराला लागला, नदीत सापडला, स्वप्नात दिसला, अशी त्याची कथा असते. त्याला देवपण येते ते लेपाने. तेलात कालवलेला शेंदूर वर्षानुवर्षे चढत जातो, मूळ दगड आत दडतो आणि बाहेरची गोलाई पिढ्यांच्या हातांची होते. सौसर तालुक्यातल्या जामसावळीच्या निद्रिस्त हनुमानाला शरीर आहे, तो पहुडलेला आहे हे दिसते. तरीही भक्ताच्या डोळ्यांना आधी भिडतो तो शेंदराचा सलग केशरी विस्तार, अवयव नंतर. जिथे मूर्ती आहे तिथेही रंगद्रव्य तिला पुन्हा निराकाराकडे ओढत नेते.

हा शेंदूर म्हणजे पारंपरिक रीतीने शिशाचा लाल ऑक्साइड. भारतीय लघुचित्रांत आणि युरोपातल्या सचित्र हस्तलिखितांत हेच रंगद्रव्य वापरले गेले. कुंकू हळदीवर चुन्यासारख्या क्षाराची क्रिया करून होते, गेरू ही लोहयुक्त माती, बुक्का काळा, गुलाल गुलाबी. देवघरातले तबक आणि चित्रकाराची रंगपाटी यांच्यात द्रव्याच्या पातळीवर फार अंतर नाही. तैलचित्राचा प्राण असलेले जवसाचे तेल तर याच पट्ट्यातल्या रब्बीच्या पिकातून निघते.

गोंड समाजाची रीत याहून पुढची आहे. त्यांचा बडादेव साजाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडाशी पुजला जातो. त्याची मूर्ती नसते. झाडाची अशी पूजा पांढुर्ण्यातही दिसते. तिथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, त्याची पूजा होते. मग पांढुर्णा आणि सावरगाव अशा दोन काठांवरून गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, चालते आणि अखेर ते झाड चंडीमातेच्या देवळात नेले जाते. या प्रथेत माणसे दरवर्षी जखमी होतात, काहींचे प्राणही गेले आहेत आणि ती हिंसा कोणत्याही धर्मविचाराने समर्थनीय ठरत नाही. आपल्या प्रश्नापुरते त्यात पाहायचे ते एवढेच की देवत्व इथे कायमच्या आकृतीला बांधलेले नाही. ते एका दिवसापुरते एका झाडावर येते.

तिसरे उदाहरण महानुभाव पंथाचे. त्याचे मोठे पीठ असलेले रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात, म्हणजे पांढुर्ण्याच्या शेजारच्याच पट्ट्यात आहे. बाराव्या-तेराव्या शतकांत तिथे श्रीगोविंदप्रभू राहिले आणि चक्रधरस्वामी त्यांना गुरू मानत. महानुभावांचा परमेश्वर निराकार आहे, जीवांवरच्या दयेने तो अवतार घेतो. देवतांच्या मूर्तींची पूजा या पंथाला मान्य नाही. पण अवतार जिथे बसला, थांबला, जेवला, त्या जागांना ओटे बांधून नमस्कार केला जातो आणि त्याचा स्पर्श झालेले दगड, वस्त्राचे तुकडे प्रसाद म्हणून जपले जातात. अशा जागांची नोंद ठेवणारी स्थानपोथी हा जुन्या मराठीतला महत्त्वाचा ग्रंथ आहे. त्या दगडात देवाचे रूप कोरलेले नाही. त्याचे मोल स्पर्शाचे आहे, कोणाचा तरी हात तिथून गेला होता याचे आहे. प्रतिमा नाकारून द्रव्य स्वीकारणारा इतका स्पष्ट विचार मराठीत दुसरा सापडणे कठीण.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत यामागे दोन भूमिका आहेत. शांकर वेदान्तात नामरूप हा अध्यास आहे, दोरीवर भासणाऱ्या सापासारखा. सत्याकडे जायचे तर एकेक रूप ‘नेति नेति’ म्हणत बाजूला सारायचे. ही भूमिका चित्रकाराला अवघड जागी उभे करते. सगळे नाकारायचे तर शेवटी कॅनव्हासही नाकारावा लागेल. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त वेगळी दिशा घेतली. तिथे अज्ञान नावाच्या स्वतंत्र तत्त्वाचेच खंडन आहे आणि दिसणारे जग हा चैतन्याचा विलास ठरतो. नाथपरंपरेतून आलेल्या शैव अद्वैताशी या विचाराचे नाते अभ्यासकांनी दाखवले आहे. जग हे झाकण नसून प्रकटणे असेल, तर रंग, तेल, माती यांना पापी ठरवण्याचे कारण उरत नाही. मराठी मुलखातल्या अमूर्त चित्रकारांनी हा ग्रंथ समोर ठेवून काम केले असे म्हणता येणार नाही. पण त्यांच्या कामाची तर्कसंगती लावायची तर शांकर मतापेक्षा चिद्विलासाची कल्पना अधिक उपयोगी पडते, असे या लेखाचे मत आहे.

युरोपातल्या अमूर्त चित्रकलेची मुळेही धर्मविचारातच होती, हे इथे लक्षात घ्यायला हवे. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट यांनी १९०६ मध्ये अध्यात्माच्या प्रेरणेने अमूर्त चित्रमाला सुरू केली. पीत मोंद्रियान १९०९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद झाले. वासिली कांडिन्स्की यांचे कलेतील आध्यात्मिकतेवरचे पुस्तक १९११ च्या अखेरीस निघाले आणि त्यावरही थिऑसॉफीची छाया आहे. त्या सोसायटीचे मुख्यालय १८८२ पासून मद्रासजवळच्या अड्यारला होते आणि तिच्या विचारात वेदान्त व बौद्ध मताचे मोठे मिश्रण होते. म्हणजे मुंबईतला तरुण चित्रकार पॉल क्ले किंवा कांडिन्स्की यांची पुस्तके उघडत होता तेव्हा इथूनच गेलेली काही बीजे परक्या हवेत वाढून त्याच्या हाती परत येत होती. भारतीय अमूर्त कला पश्चिमेची नक्कल, की पूर्णपणे स्वदेशी, हा वाद यामुळे फार निष्फळ होतो.

गायतोंडे या प्रश्नाच्या सर्वांत खोलवर गेले. १९४८ मध्ये त्यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतली. जैन आणि बसोली लघुचित्रांचा त्यांनी अभ्यास केला. सुरुवातीच्या चित्रांत आकृत्या आहेत, क्लेसारखी नाजूक रेषा आहे. पुढे आकृत्या गेल्या आणि त्यांच्यामागचे रंगाचे सपाट पट्टे उरले. लघुचित्रांतून काय घ्यायचे हे त्यांना कळले होते. १९५७ मध्ये तोक्योच्या तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले, १९६४ मध्ये रॉकफेलर अभ्यासवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, १९७१ मध्ये पद्मश्री झाले आणि १९७२ मध्ये मुंबई सोडून दिल्लीत स्थायिक झाले. झेन बौद्ध विचाराचा त्यांच्यावर मोठा परिणाम होता. रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि मुंबईच्या खेतवाडीत मराठीतून निरूपण करणारे निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांशीही त्यांचा परिचय होता.

परंतु त्यांची साधना विचारांच्या यादीतून समजत नाही, ती हाताच्या कामातून समजते. ते कुंचल्याऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत. रंगाचा पातळ थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, वर दुसरा, मग काही ठिकाणी खरवडून खालचा वर आणायचा. वर्तमानपत्राचे आणि मासिकांचे फाडलेले कागद ओल्या रंगावर ठेवून ते उचलले की रंगाचा ठसा आपोआप उमटे किंवा निघून जाई. त्यामुळे त्यांच्या चित्रांतली चिन्हे लिहिल्यासारखी दिसतात पण कोणत्याच लिपीची नसतात. वर्षाकाठी ते मोजकीच चित्रे पूर्ण करत. मधला काळ बसून राहण्याचा, पाहण्याचा असे. त्यांच्या हिशेबी तो कामाचाच भाग होता. बहुतेक चित्रांना शीर्षक नाही आणि अनेकांवरची सही मागच्या बाजूला आहे. आपल्या चित्राला ते अमूर्त म्हणवून घेत नसत. त्यांच्या मते ते वस्तुनिरपेक्ष होते. अमूर्त करायला आधी काहीतरी मूर्त लागते आणि त्यांनी कोणत्याही दृश्यातून काही गाळून घेतलेले नव्हते.

वस्तुनिरपेक्ष चित्रात निसर्गाचे चित्रण नसते, तरी निसर्गासारखी एक प्रक्रिया असते: थर साचणे, झिजणे, उघडे पडणे. रंग कुठे थांबेल हे पूर्णपणे चित्रकाराच्या हाती नसते आणि कर्तेपण थोडे सैल पडते. अध्यात्मात ज्याला अहंकाराचे विसर्जन म्हणतात ते इथे रोलर आणि कागद यांच्या मर्यादेत घडते. १९८४ मध्ये झालेल्या एका अपघातानंतर मोठे कॅनव्हास काही काळ थांबले तेव्हा गायतोंड्यांनी कागदावर शाईची लहान रेखाटने केली. साधन बदलले तरी रीत तीच राहिली. २००१ मध्ये ते गेले. २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले.

रझांचा मार्ग याच्या जवळजवळ उलट आहे. वडील वनखात्यात असल्याने त्यांचे बालपण नर्मदेच्या खोऱ्यातल्या जंगलात गेले. ककैयाच्या शाळेत मन एकाग्र होईना म्हणून शिक्षक नंदलाल झारिया यांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्यांना त्याकडे पाहत बसवले. १९३९ ते १९४३ नागपूरच्या कलाशाळेत, नंतर जे. जे.मध्ये त्यांचे शिक्षण झाले, १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेत सहभाग, १९५० मध्ये फ्रान्स, १९५६ मध्ये तिथला समीक्षकांचा पुरस्कार. निसर्गदृश्यांमधून त्यांचे चित्र हळूहळू सुटे झाले आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून काळा बिंदू त्याच्या केंद्रस्थानी आला. पंचमहाभूते, बीज, कुंडलिनी, पुरुष-प्रकृती ही नावे त्यांच्या कॅनव्हासवर आली, कित्येकदा देवनागरी अक्षरांसह. मुसलमान घरातला हा चित्रकार तांत्रिक बिंदूतून निराकाराकडे गेला याचे अनेकांना नवल वाटते. खरे तर इस्लाममधला मूर्तिनिषेध आणि नर्मदेच्या पात्रात घडणारे, कोणी न कोरलेले बाणलिंग या दोन्हींच्या मध्ये वाढलेल्या मुलाला हा मार्ग परका नव्हता. गायतोंडे नावे काढून टाकत गेले, रझा नावे देत गेले. त्यांच्या उत्तरकाळातल्या काही चित्रांत भूमिती इतकी ठरलेली आहे की ती चिन्हाचा पुनरुच्चार वाटू लागतात. बिंदू जिथे दाट, खोल आणि किंचित अस्थिर आहे तिथेच तो खेचून घेतो. २०१६ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार मंडल्यात वडिलांच्या शेजारी दफन झाले.

अंबादास यांच्याकडे प्रश्नाला सामाजिक बाजू येते. ते दलित कुटुंबातले. त्यांच्या बालपणीच्या वऱ्हाडात अनेक देवळांचे गाभारे त्यांच्या समाजाला बंद होते. घडवलेली, प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती पाहण्याचा अधिकार जातीने ठरत असे. बांधावरच्या शेंदरी दगडावर मात्र पुरोहिताचा ताबा तितका पक्का नसे. निर्गुणाची ओढ ही कबीर-रविदासांपासून ज्यांना गाभारा नाकारला गेला त्यांच्यात विशेष का दिसते, हे इथे समजते. अंबादासांनी आपल्या चित्रांवर असा अर्थ लादला नाही आणि तो लादणे योग्यही नाही. ते १९६२ मध्ये भावनगरला स्थापन झालेल्या ग्रुप १८९० या कलावंतांच्या गटाचे सदस्य होते. विणकर सेवा केंद्रात त्यांनी काम केले आणि १९७२ पासून नॉर्वेत ऑस्लोला राहिले, तिथेच २०१२ मध्ये वारले. त्यांच्या चित्रात केंद्र नाही, चिन्ह नाही. पातळ केलेला तैलरंग कुंचल्याच्या फटकाऱ्याबरोबर वळतो, फाटतो, एकमेकांत शिरतो. वाहता रंग हाच तिथला एकमेव विषय असतो.

मिश्र माध्यमाचा प्रश्न सर्वांत थेटपणे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या कामात येतो. ते कोकणातल्या नागावचे, जे. जे.चे विद्यार्थी. विणकर सेवा केंद्राच्या नोकरीत साठच्या दशकात काही वर्षे ते बनारसला होते. तिथे तांत्रिक आकृत्यांशी, यंत्रांशी आणि त्या उपासनेच्या वातावरणाशी त्यांचा संबंध आला आणि त्या काळातल्या चित्रांत कापड, मणी, आरसे अशा वस्तू रंगाबरोबर आल्या. पूजेतली वस्तू चित्रात चिकटवली म्हणजे चित्र पवित्र होते का? हा मोह बरव्यांना फार काळ धरून ठेवू शकला नाही आणि ही त्यांची थोरवी आहे. तंत्राची तयार चिन्हे त्यांनी सोडली. पुढे ते इनॅमल रंगाकडे वळले. त्याच्या गुळगुळीत, विरक्त पृष्ठभागावर पान, घड्याळ, शिंपला, रिकामी पेटी अशा साध्या वस्तू एकमेकींपासून दूर ठेवल्यासारख्या येतात. वस्तू आणि तिच्याभोवतीची मोकळी जागा यांच्यातले नाते हा त्यांचा चिंतनाचा विषय झाला. १९९० मध्ये आलेले त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे मराठीतल्या कलाविचाराच्या मोजक्या मूलभूत पुस्तकांपैकी एक आहे.

बरव्यांच्या या वळणाला आणखी एक पार्श्वभूमी आहे. १९६६ मध्ये अजित मुखर्जी यांचे तंत्रकलेवरचे पुस्तक निघाल्यानंतर देशात आणि परदेशात यंत्र, बिंदू, लिंग या आकृतींची मोठी लाट आली. तिच्यातले बरेच काम चिन्हांची सजावट होते. धार्मिक चिन्ह उचलले की त्यामागची साधना आपोआप येते, असा समज त्यात होता. यंत्राला अर्थ असतो तो मंत्र, दीक्षा, न्यास आणि रोजचा अभ्यास यांच्या संगतीने. त्यातून सुटे केलेले यंत्र ही एक सुबक भौमितिक रचना असते, त्याहून जास्त काही नाही. पळशीकरांसारख्या चित्रकाराने ओंकार आणि तांत्रिक आकृत्यांवर काम करताना हे भान ठेवले. जे. जे.मध्ये अनेक वर्षे शिकवताना त्यांनी विद्यार्थ्यांपर्यंत चिन्हांपेक्षा ही शिस्त पोहोचवली.

मग अमूर्त चित्र हे उपासना ठरते का? गंभीर आक्षेप दोन आहेत. पहिला असा की उपासनेला समुदाय लागतो. तांदळ्यावरचा शेंदूर कोणा एकाचा नसतो, त्याला सही नसते, तो कधी पूर्ण होत नाही. कॅनव्हास एका माणसाचा, एका तारखेचा असतो आणि विकला जातो. २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात गायतोंड्यांच्या एका चित्राला २३ कोटी रुपयांहून अधिक किंमत मिळाली. या आक्षेपात तथ्य आहे. कलादालनातला प्रेक्षक नवस बोलत नाही, नारळ फोडत नाही, पुढच्या वर्षी लेप द्यायला परत येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. अनुभवाची शांतता म्हणजे ब्रह्मानुभव नव्हे. वेदान्तात प्रमाणाची चर्चा फार काटेकोर आहे. सुंदर निळ्या विस्तारासमोर मन स्थिरावले तर तो सौंदर्याचा अनुभव आहे, त्याला ज्ञान म्हणण्याचा अधिकार मिळत नाही. भारतीय काव्यशास्त्रात अभिनवगुप्तांनी हा फरक जपला होता. रसास्वाद ब्रह्मास्वादाच्या जवळचा आहे, ब्रह्मास्वाद नाही. अमूर्त चित्राच्या बाबतीतही एवढेच म्हणणे प्रामाणिक ठरेल. ते साधकाला कुठे पोहोचवते हे चित्र सांगू शकत नाही. चित्रकाराने द्रव्याशी कसे वागावे एवढेच ते दाखवते: त्याच्यावर आकृती लादू नये, त्याला साचू द्यावे, स्वतःचा हात वेळेवर मागे घ्यावा.

द्रव्याशी वागण्याच्या या रीतीत तांदळा आणि कॅनव्हास एकत्र येतात. दोन्हीकडे पवित्रता कोरून काढलेली नसते, थरांनी जमा होते. फरक थर उतरवताना कळतो. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगी देवीवरचे शेंदराचे दाट आवरण काढले गेले तेव्हा आत घडवलेली मूर्ती होती आणि भक्तांना तिचे मूळ रूप दिसले. शेताच्या बांधावरच्या तांदळ्याचा लेप काढला तर आत साधा दगड निघेल. गायतोंड्यांच्या कॅनव्हासचे थर काढत गेले तर खाली दुसरा थर, मग त्याखालचा आणि शेवटी कापड. तिथे कोणतेही मूळ रूप दडवलेले नाही. संवर्धकांना अशा चित्रांबाबत फार सावध राहावे लागते, कारण वरचा थर हा खालच्या प्रतिमेचे आवरण नसतो. एक थर गेला तर तेवढे चित्र गेले.

लोकपरंपरा आणि आधुनिक कॅनव्हास यांची ही भेट प्रत्यक्षातही झाली. १९८२ मध्ये भोपाळला भारत भवन उभे राहिले. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्याच्या रूपंकर संग्रहालयात शहरी आधुनिक चित्रकार आणि आदिवासी कलाकार यांची कामे समान पातळीवर मांडली. मंडल्याकडच्या पाटनगढचे परधान गोंड कलाकार जनगढसिंह श्याम तिथेच पुढे आले. ज्या बडादेवाला मूर्ती नव्हती त्याच्या परिवारातल्या देवांना जनगढ यांनी कागदावर ठिपक्यांनी आणि रेघांनी रूप दिले. त्याच दशकांत गायतोंडे आणि अंबादास रूपाकडून द्रव्याकडे जात होते. निराकाराला पहिल्यांदाच आकार देणारा आणि आकार सोडून देणारा, दोघांनाही रंगद्रव्याशी सारख्याच सचोटीने वागावे लागले. स्वामीनाथनांनी त्यांना एकाच छताखाली आणले याचे सर्वांत सबळ कारण तेच दिसते.